मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर जोडताय? आधी शाफ्ट मोजा



गेल्या आठवड्यापासून ऑफिसला रोज एकच विचारणा येतेय, "अवजार बँकेतला स्लॅशर मोकळा आहे का?" साहजिकच आहे. पावसाने उघडीप दिलीय, बागेत दोन ओळींच्या मधलं गवत गुडघ्याला लागलंय आणि गोडी छाटणी तोंडावर आलीय. मजूर मिळत नाहीत. म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांना स्लॅशर न्यायचाय त्यांनी तर वाचाच.

सुरुवात एका कबुलीने करतो. जुलैमध्ये आपला नवा चार फुटी स्लॅशर आला. पहिल्याच दिवशी एका सभासद दादांच्या २४ एचपीच्या ट्रॅक्टरला आम्ही तो पंधरा मिनिटांत जोडून दिला. दोन आर्म, टॉप लिंक, पीटीओ शाफ्ट, झालं. खाली टेकवून चालवला तेव्हा एकदम झकास. ओळीच्या टोकाला दादांनी वळायला स्लॅशर उचलला आणि 'कट्ट' असा आवाज आला. शाफ्ट जरुरीपेक्षा लांब होता. उचलल्यावर ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर कमी झालं, शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकीत पूर्ण शिरल्या आणि पुढे जायला जागाच उरली नाही. मग त्या शाफ्टने पहारीसारखा गिअरबॉक्स मागे रेटला. ऑइल सील बाहेर आलं, बेअरिंग गेलं, सगळं ऑइल बोदावर. ट्रॅक्टरच्या बाजूचं पीटीओचं बेअरिंग वाचलं, हे आपलं नशीब. ते गेलं असतं तर ट्रॅक्टर मागून उघडावा लागला असता.

दादा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, यंत्राबरोबर पुस्तक आलं होतं ना?" आलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, टॉप लिंकच्या पिनेला बांधलेलं. त्यात शाफ्ट कसा मोजायचा, कसा कापायचा याचं अख्खं पान होतं. चूक आमची होती, दुरुस्तीचा खर्चही कंपनीने केला. डिप्लोमाला असताना मी पीटीओची आकृती काढून पाचपैकी पाच मार्क घेतले होते. शाफ्ट हातात धरून मोजला तो मात्र त्या दिवसानंतर.

मुळात स्लॅशरच का, हे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीत रोटाव्हेटर घातला की वरची माती घोटली जाते, खाली थर घट्ट होतो आणि बोदाच्या कडेची पांढरी मुळं तुटतात. स्लॅशर माती हलवत नाही. गवत तीन-चार इंचांवर कापतो, कापलेलं तिथेच पसरतं, मुळं जमीन धरून ठेवतात. उंच गवतामुळे वेलीखाली दमटपणा कोंडतो, डाऊनीला ते हवंच असतं. तणनाशकाचं म्हणाल, तर केंद्राने २०२२ च्या ऑक्टोबरातल्या अधिसूचनेने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला होता. तेव्हा गवत बी धरायच्या आत कापा. बी पडल्यावर कापलं तर तुम्ही पुढच्या वर्षाची पेरणी करताय.

आता ट्रॅक्टर किती आणि स्लॅशर किती. बरेच जण म्हणतात, ओळ नऊ फुटांची आहे, पाच फुटी द्या, एका फेरीत उरकेल. हिशोब असा करा: एका फूट रुंदीला पीटीओवर साधारण ५ एचपी लागते. आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते, पीटीओपर्यंत त्यातली ८५ टक्क्यांच्या आसपास पोचते. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर २० मिळते, त्याला चार फूट बरोबर. १८ एचपीवाल्याला पीटीओवर १५ मिळते, त्याने तीन फुटांवर जाऊ नये. मोठा लावला तर दाट गवतात इंजिन दबतं, पात्यांचा वेग पडतो आणि गवत कापलं न जाता चिरडलं जातं. वर डिझेल जातं ते वेगळं.

वजनाचंही बघा. छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं तोंड मुळात हलकं. मागे स्लॅशर उचलला की ते आणखी हलकं होतं आणि बांधावरून चढताना स्टेअरिंग हातात नुसतं फिरतं. साधा नियम असा, की अवजार पूर्ण उचललेलं असताना पुढच्या दोन चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे. गावातल्या वजनकाट्यावर नुसती पुढची चाकं चढवून मोजता येतं, दहा मिनिटांचं काम. कमी भरलं तर पुढे वजनं लावा. ट्रॅक्टरबरोबर मिळालेली वजनं अनेकांच्या शेडमध्ये दार अडवायला ठेवलेली मी पाहिली आहेत.

जोडणीकडे येऊ. ट्रॅक्टर आणि स्लॅशर सपाट, कडक जागेवर घ्या. बागेत चिखलात जोडणी करू नका. आधी पिना बघा. छोट्या ट्रॅक्टरची जोडणी कॅटेगरी १ ची असते, खालच्या आर्मची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची १९. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २ मध्ये खालची पिन २८ ची असते. शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचा स्लॅशर आणला तर त्याची पिन तुमच्या बॉलमध्ये जाणारच नाही. ती ग्राइंडरने बारीक करायचा मोह होतो, करू नका. योग्य मापाच्या पिना दुकानात मिळतात. आणि उलट असेल, म्हणजे पिन बारीक नि बॉल मोठा, तर बुश टाका. ढिली पिन दिवसभर ठोके खाते.

डावा आर्म आधी, मग उजवा, कारण उजव्याला उंची कमी-जास्त करायचा दांडा असतो आणि तो जुळवून घेता येतो. शेवटी टॉप लिंक. प्रत्येक पिनेत लिंच पिन, तारेचा तुकडा नाही. चेक चेन दोन्ही बाजूंनी आवळा. स्लॅशर डावी-उजवीकडे झुलला तर बोदावर चढतो आणि ड्रिपची नळी ओढतो. लॅटरल खाली लोळत असेल तर कापणीआधी तारेला टांगून घ्या. एक नळी पात्यांत गेली की पात्यांच्या बुडाला अशी काही गुंडाळते की सोडवायला अर्धा दिवस जातो. मी सोडवलीय.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. इथून पुढचं आम्ही जुलैत केलं नव्हतं.

पीटीओ शाफ्ट, ज्याला आपण नुसतं जॉइंट म्हणतो, तो दोन तुकड्यांचा असतो. एक नळी दुसरीत सरकते. कंपनीतून येताना तो मोठ्या ट्रॅक्टरलाही पुरेल इतका लांब येतो, कारण लांब असला तर कापता येतो, आखूड असला तर फेकावा लागतो. म्हणजे तो तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा आहे, असं धरून चालायचं नाही.

शाफ्टचे दोन्ही तुकडे वेगळे करा. एक ट्रॅक्टरच्या पीटीओवर बसवा, दुसरा गिअरबॉक्सवर. दोन्ही एकमेकांत घालू नका, शेजारी-शेजारी धरा. आता स्लॅशर हळूहळू वर-खाली करून बघायचं, की ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स सगळ्यात जवळ कुठे येतात. काही ट्रॅक्टरमध्ये शाफ्ट सरळ रेषेत आला की अंतर सगळ्यात कमी असतं, काहींत पूर्ण उचलल्यावर. अंदाज बांधू नका, मोजा. आणि हे करताना पीटीओ बंदच हवा. प्रत्येक वेळी उचललं की इंजिन बंद, किल्ली खिशात, स्लॅशरखाली लाकडी ठोकळे आणि मगच मधे जायचं. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही. लिव्हरला कोणाचा धक्का लागला तरी ते खाली येतं.

सगळ्यात जवळच्या जागी ठोकळे लावलेत, की दोन्ही तुकड्यांवर खडूने खूण करा. अशी, की जोडल्यावर प्रत्येक नळीच्या टोकाला पुढे सरकायला निदान २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच जागा मोकळी राहील. जास्तीचं कापायचं ते चारही ठिकाणी सारखं: आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींची प्लास्टिकची कव्हरं. फक्त एकच नळी कापली तर उपयोग नाही, दुसरी जाऊन टेकतेच. आमच्या शाफ्टमधून साडेचार इंच काढावे लागले. साडेचार! आणि आम्ही तो तसाच लावला होता.

कापायला हॅक्सॉ चालतो, वेल्डरकडे कटर असेल तर पंधरा मिनिटं. कापलेल्या कडा कानशीने आतून-बाहेरून साफ करा, लोखंडाचा कीस पुसून काढा, ग्रीस लावा. कीस राहिला तर नळ्या अडकत सरकतात आणि पुन्हा तोच रेटा बेअरिंगवर.

एवढं कापून थांबायचं नाही, उलटही तपासायचं. शाफ्ट जोडा आणि स्लॅशर अशा जागी न्या, जिथे अंतर सगळ्यात जास्त होतं. तिथेही दोन्ही नळ्या एकमेकीत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत असल्या पाहिजेत. कमी असतील तर शाफ्ट आखूड पडतोय. चालू कामात खड्डा आला की तो निसटेल, आणि मिनिटाला ५४० फेरे घेणारी नळी मोकळी सुटली तर ड्रायव्हरच्या पाठीत येते. असा शाफ्ट बदलायचा, वेल्डिंगने लांबवायचा नाही.

चौकोनी नळीचा शाफ्ट असेल तर आणखी एक बघा. दोन्ही टोकांचे चिमटे, ज्यात क्रॉस बसतो, ते एका रेषेत हवेत. चौकोनी नळी पाव फेरा फिरवूनही आत जाते, आणि चिमटे आडवे-उभे बसले की शाफ्ट थरथरत चालतो. मग आपण पात्यांचा बॅलन्स गेला म्हणून पाती बदलत बसतो. शाफ्ट बसवल्यावर लॉकची खिट्टी 'टक' वाजली का ऐका आणि दोन्ही टोकं हाताने ओढून बघा.

शिअर बोल्टबद्दल भांडणाच्या सुरात सांगतो, कारण यावरून माझं दोघांशी झालंय. शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो तुटण्यासाठीच असतो. पातं दगडाला किंवा डांबाच्या बुडाला आपटलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. "सारखा तुटतो" म्हणून त्याच्या जागी हायटेन्साइल बोल्ट टाकला, तर पुढच्या वेळी दुसरं काहीतरी तुटेल आणि ते महाग असेल. पुस्तकात लिहिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच टाका, दोन जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवा. काही स्लॅशरला बोल्टऐवजी क्लच प्लेटा असतात. वर्षभर शेडमध्ये पडून त्या गंजाने चिकटतात, हंगामाआधी त्या मोकळ्या करून घ्याव्या लागतात.

गिअरबॉक्समध्ये ऑइल आहे का बघा. हसू नका. नवी यंत्रं पुष्कळदा ऑइल न भरताच येतात. पुस्तकात दिलेलं ऑइल, बहुतेक ठिकाणी ९० नंबरचं, प्लगपर्यंत भरायचं.

आता ज्यांचे ट्रॅक्टर जुने आहेत त्यांच्यासाठी. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका काकांचा ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला क्लच पूर्ण दाबूनही थांबला नाही. दोन-तीन हात पुढे गेला आणि शेवटच्या डांबाला धडकला. डांब वाकला, ताण सुटला, अर्ध्या ओळीची तार वेलींसकट लोंबकळली. काकांना वाटलं ब्रेक गेले. गॅरेजला नेऊन ब्रेक लायनर बदलले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. ब्रेकमध्ये काही नव्हतंच.

झालं असं, की सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं एकाच क्लचमागे गिअरने जोडलेली असतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण खाली फिरणारी जड पाती लगेच थांबत नाहीत. त्यांची गती शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये येते आणि चाकं पुढे ढकलते. रोटाव्हेटरला हे जाणवत नाही, कारण माती त्याला धरून ठेवते. स्लॅशरची पाती हवेत फिरतात, त्यांना धरणारं कोणी नसतं. यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच नावाचा छोटा भाग. तो पीटीओच्या दात्यांवर बसतो आणि ताकद एकाच दिशेने जाऊ देतो, सायकलच्या मागच्या फ्रीव्हीलसारखा. ट्रॅक्टरला डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर याची गरज पडत नाही. तुमचा कोणता आहे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं, नाहीतर स्लॅशर नेण्याआधी आम्हाला विचारा. आणि हा भाग लावला की पीटीओ काही इंच पुढे येतो, म्हणजे शाफ्ट पुन्हा मोजावा लागतो. क्रम लक्षात ठेवा: आधी हा, मग शाफ्ट कापणं.

पीटीओला दोन वेग असतील तर स्लॅशर ५४० वरच चालवा. जास्तीचा वेग हलक्या अवजारांसाठी आहे. स्लॅशरचा गिअरबॉक्स वेग आणखी वाढवतो. तो दीडपट करत असेल तर ५४० चे ८१० होतात, आणि चार फुटी स्लॅशरच्या पात्याचं टोक ताशी १८० किलोमीटरच्या वेगाने फिरतं. सुपारीएवढा खडा त्या वेगाने उडाला तर काय होईल ते मी सांगायला नको. पुढच्या आणि मागच्या साखळ्यांची झालर काढून ठेवू नका, गवत अडकतं म्हणून तर नाहीच. आजूबाजूला कोणी नको, शंभर फुटांवर उभा माणूसही सुरक्षित नाही. रस्त्याकडेच्या ओळी कापताना एक माणूस लांब रस्त्यावर उभा करा.

शाफ्टवरच्या प्लास्टिकच्या कव्हरबद्दल आमच्या ताईंना आणि घरातल्या सगळ्यांना सांगायचंय. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. कव्हर नसलेल्या शाफ्टला पदर, ओढणी, उपरणं किंवा शर्टाची बाही लागली, तर एका सेकंदात दीड मीटरहून जास्त कापड तो गुंडाळून घेतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून कव्हर शाबूत हवं, त्याची साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली हवी, म्हणजे आत शाफ्ट फिरला तरी कव्हर स्थिर राहतं. आणि ड्रायव्हरला पाण्याची बाटली द्यायला किंवा निरोप सांगायला चालू ट्रॅक्टरच्या मागून जायचं नाही. त्याने पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून खाली उतरायचं. पाती बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतात, फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय वाकून बघायचं नाही.

जुळवणी तशी सोपी आहे. स्लॅशर आडवा समपातळीत, पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली. टॉप लिंकने ते जमतं. पुढची कड खाली असली की गवत एकदाच कापलं जातं आणि ट्रॅक्टरवर लोड कमी येतो. हायड्रॉलिक पोझिशन कंट्रोलवर ठेवा, ड्राफ्टवर नको. पहिल्या ओळीत उंची जास्तच ठेवा, दगड-विटा, तुटलेले डांब कुठे आहेत ते कळू द्या. वळताना पूर्ण उचलायची गरज नसते, वीतभर पुरे, आणि जास्त उचलायचाच असेल तर आधी पीटीओ बंद करा. तासाभराने थांबून पात्यांचे नट पुन्हा आवळा, नव्या यंत्रात ते हमखास ढिले होतात. क्रॉसला रोज सकाळी ग्रीस.

या हंगामापासून अवजार बँकेचा नियम बदललाय. स्लॅशर ट्रॉलीत टाकून नेता येणार नाही. ज्या ट्रॅक्टरला जोडायचा तोच घेऊन या, पुढच्या वजनांसकट. पहिल्यांदा नेणाऱ्याचा शाफ्ट आम्ही तिथेच मोजू. एकदा कापलेला शाफ्ट लांब अंतराच्या ट्रॅक्टरला आखूड पडतो, म्हणून आता आपल्याकडे दोन शाफ्ट आहेत, एकावर लाल पट्टी, एकावर पिवळी. तुमच्या ट्रॅक्टरला कोणता लागतो ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी वेळ जाणार नाही. मोजणीला अर्धा तास लागतो, सकाळी लवकर या. नाव नोंदवताना ट्रॅक्टरचं मॉडेल, एचपी आणि क्लच सिंगल की डबल एवढं याच मेसेजखाली लिहून पाठवा. यंत्राचं पुस्तक आता ऑफिसच्या टेबलावर असतं, पिशवीतून काढलेलं.

— तुमचा कृषी सल्लागार